पुण्याचा पावसाळी ट्रॅक, महालक्ष्मीची कडक जमीन: ट्रॅक बदलल्यावर घोडा कसा जोखायचा आणि लाँगशॉट कधी घ्यायचा

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या वर्षाचे दोन भाग पडतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत पुण्याच्या कॅम्पातला पावसाळी मोसम, आणि पुढे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत महालक्ष्मी. घोडे तेच, ट्रेनर तेच, जॉकीही बहुतेक तेच. बदलते ती जमीन. ऑगस्टमध्ये पावसाने भिजलेल्या गवतावर आठवा, नववा येणारा घोडा नोव्हेंबरमध्ये महालक्ष्मीवर उतरतो तेव्हा बहुतेक लोक रेसबुकातले ते आठ-नऊचे आकडे बघून त्याला खोडून टाकतात, आणि भाव पंधरा-एक, वीस-एकवर (एका रुपयाला पंधरा, वीस रुपये) जातो; असा मोठ्या भावाचा घोडा म्हणजे लाँगशॉट. अशा घोड्यांतले बरेचसे खरोखर हरण्याच्याच लायकीचे असतात. उरलेले थोडे नेमके कोणते, हे ओळखायची पद्धत पुढे दिली आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा: नुसता मोठा भाव म्हणून घोडा घेणं हा पैसे घालवण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे. जगभरातल्या रेसिंगचे आकडे अनेक दशकं तपासले गेले आहेत आणि बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. लांबच्या भावाच्या घोड्यांवर सरसकट पैसे लावणाऱ्याचं नुकसान फेव्हरिटवर (सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर) सरसकट लावणाऱ्यापेक्षा जास्त होतं. म्हणून प्रत्येक लाँगशॉटमागे एक कारण हवं, आणि ते एका वाक्यात सांगता यायला हवं: ‘हा घोडा मागच्या तीन रेस हरला, कारण अमुक, आणि ते कारण आज नाही.’ हे वाक्य जमत नसेल तर पैज नाही.

जमीन मोजायची कशी

रेसच्या दिवशी क्लब पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर करतो. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडून एक सळई जमिनीत किती शिरते ते ट्रॅकवर अनेक ठिकाणी मोजतात आणि सरासरी काढतात. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ, लहान म्हणजे कडक. ‘गुड’, ‘सॉफ्ट’, ‘यील्डिंग’ या शब्दांपेक्षा हा आकडा उपयोगाचा, पण दोन अटींवर. एका कोर्सचा आकडा त्याच कोर्सच्या जुन्या आकड्यांशीच ताडायचा, कारण माती, गवत आणि निचरा वेगळा असतो. आणि रीडिंग सकाळचं असतं, हे विसरायचं नाही. पुण्यात दुपारी दोनला जोराची सर आली की चौथ्या रेसपर्यंत सकाळचा आकडा निरुपयोगी होतो.

म्हणून पहिल्या दोन रेस स्वतः मोजा. त्या वर्गाच्या (वर्ग म्हणजे रेटिंगप्रमाणे केलेला गट) घोड्यांना त्या अंतराला त्या कोर्सवर एरवी किती वेळ लागतो याची सरासरी वहीत तयार ठेवा. समजा चौथ्या वर्गाची १२०० मीटरची रेस एरवीपेक्षा २ सेकंद सावकाश झाली आणि पुढची १४०० मीटरचीही तितकीच मागे पडली, तर जमीन सकाळपेक्षा मऊ झाली आहे. एकाच रेसवरून निष्कर्ष काढू नका. कुणी पुढे पळालंच नाही तर कोरड्या ट्रॅकवरही वेळ सावकाश येते.

फॉल्स रेल्सची सूचना रोज वाचा. आतली पट्टी टापांनी उखडली की क्लब तात्पुरता कठडा बाहेर सरकवून ताजं गवत मोकळं करतो. रेल नुकती सरकलेली असेल तर आतल्या गेटच्या घोड्याला ताजी जमीन मिळते. रेल बरेच दिवस त्याच जागी असेल आणि पाऊस चालू असेल, तर शेवटच्या रेसपर्यंत आतला भाग उखडतो आणि जॉकी सरळ पट्ट्यात घोडे बाहेर काढतात. त्या दिवशी पहिल्या गेटचा घोडा आत अडकून हरला, तर ती हार पुढच्या वेळी माफ करायची.

हार वाचायची रीत

सगळी मेहनत इथे आहे. रेसचा व्हिडिओ दोनदा बघा. एकदा पूर्ण रेस, आणि एकदा फक्त तुमच्या घोड्यावर नजर ठेवून. ६०० मीटर उरले असताना तो कितवा आहे आणि जॉकीचे हात काय करताहेत, हे टिपा.

मऊ जमिनीवर हरणाऱ्या घोड्यांचे तीन प्रकार दिसतात. पहिला गेटपासूनच पळत नाही. जॉकी सतत ढकलतोय आणि घोडा मागे पडतोय. जमीन मानवत नसल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण, पण आजारी किंवा कंटाळलेला घोडाही असाच दिसतो, त्यामुळे एका रेसवर विसंबू नका. दुसरा प्रकार आपल्या कामाचा: ४०० मीटरपर्यंत हातात, जॉकी निवांत, आणि मग हलवल्याबरोबर टाप पडत नाही, मागचे पाय घसरतात, डोकं वर जातं, घोडा बाजूला सरकतो. त्याच्याकडे वेग आहे, पण तो जमिनीवर उतरवता येत नाही. कडक ट्रॅकवर हाच घोडा वेगळा दिसतो. तिसरा ४०० पर्यंत बरोबर असतो आणि मग हळूहळू, सरळ रेषेत, मागे पडतो. इथे बहुधा दमाचा प्रश्न असतो. १४०० मीटर त्याला लांब पडले असतील, आणि मऊ जमिनीवर १४०० मीटर १६०० सारखे लागतात. अशा घोड्यासाठी ट्रॅक बदलण्याइतकंच अंतर कमी होणं महत्त्वाचं.

किती लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला, याला मऊ जमिनीवर फारसा अर्थ नसतो. चिखलात थकलेले घोडे चालल्यासारखे येतात आणि अंतरं ताणली जातात. कोरड्या ट्रॅकवरच्या सहा लांबी आणि पावसातल्या बारा लांबी यांत क्षमतेचा फरक तितका नसतो.

उलटी चूकही टाळा. पुण्यात पावसात आठ लांबींनी जिंकलेला घोडा महालक्ष्मीवर फेव्हरिट म्हणून येतो. त्याची उडी उंच, गुडघा वर उचलून चालणारा, खूर मोठा आणि पसरट असेल, तर ती जीत जमिनीने दिलेली असू शकते. कडक जमिनीला बुटकी, लांब, जमिनीलगत जाणारी चाल जास्त मानवते. हे ठोकताळे आहेत, अपवाद भरपूर. पण असा फेव्हरिट खोटा ठरण्याची शक्यता असते, तेव्हाच बाकीच्या घोड्यांच्या भावात जीव येतो. लाँगशॉट शोधण्याआधी फेव्हरिट फोडता येतो का ते बघा.

‘घोडा ओढला’ हे स्पष्टीकरण रेसकोर्सवर फार स्वस्तात मिळतं. त्यावर पैसे लावू नका. जमीन, अंतर, गेट, वजन, रेसचा वेग ही कारणं तपासता येतात. जॉकीच्या मनात काय होतं ते येत नाही.

रेटिंग घसरतं तिथे संधी

पुण्यात दोन-तीन रेस वाईट गेल्या की हँडिकॅपर (घोड्याच्या क्षमतेला गुण देणारा अधिकारी) रेटिंग, म्हणजे ते गुण, कमी करतो. तिसऱ्या वर्गात साधारण ४० ते ६६ रेटिंगचे घोडे पळतात, चौथ्यात २० ते ४६. एका पॉइंटला पाठीवर अर्धा किलो वजन. समजा घोडा ५२ वर होता आणि आता ४४ वर आलाय. तो दोन्ही वर्गांत बसतो. तिसऱ्या वर्गात ६६ च्या घोड्यावर ६० किलो असेल, तर याच्यावर २२ पॉइंट म्हणजे ११ किलो कमी, ४९ किलो. चौथ्या वर्गात ४६ ला ६० किलो धरले, तर याच्यावर ५९.

कोणता पर्याय निवडला यावरून ट्रेनरचा अंदाज कळतो. वजन आणि अंतराचं गणित ढोबळमानाने असं: १००० मीटरला एक लांबी म्हणजे सुमारे १.४ किलो, १६०० ला ०.९, २४०० ला ०.६. म्हणजे १००० मीटरला ५ किलो जास्त म्हणजे साडेतीन लांबी, २४०० ला तेच ५ किलो आठ लांबींवर जातात. ५९ किलो घेऊन चौथ्या वर्गात १००० मीटरला आलेला, वर्गात सरस, कडक जमिनीचा घोडा मला ४९ किलोवाल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. लोक वरचं वजन बघून बिचकतात. भाव त्यामुळेही वाढतो.

सकाळचं काम वाळूवर, रेस गवतावर

वर्तमानपत्रांत ट्रॅकवर्क छापून येतं: ‘इनर सँड, ८०० मीटर, ५२, ६००/३९, मूव्ह्ड फ्रीली’. ६००/३९ म्हणजे शेवटचे ६०० मीटर ३९ सेकंदांत. आपल्याकडे रेस गवतावर होतात, रोजचा सराव बहुतांशी वाळूवर. वाळूवर चमकणारा आणि गवतावर न चमकणारा घोडा प्रत्येक मोसमात असतो, आणि त्याच्यावर दर आठवड्याला पैसे जातात. म्हणून वाळूवरची वेळ दुसऱ्या घोड्याशी ताडू नका, त्याच घोड्याच्या मागच्या कामाशी ताडा. ऑगस्टमध्ये ‘प्रेस्ड’ (जोर लावून) करून ४० सेकंद घेणारा घोडा ऑक्टोबरच्या अखेरीस ‘ईझी’ ३९ देत असेल तर तो सुधारला आहे. शेऱ्याला वेळेइतकंच वजन द्या. ‘अर्ज्ड’ आणि ‘प्रेस्ड’ असताना आलेली चांगली वेळ निम्म्या किमतीची.

रेस ट्रॅकवर घेतलेली मॉक रेस (सरावाची रेस) मात्र मन लावून वाचा. तिथे गवत असतं, गेट असतं, सोबत घोडे असतात. महालक्ष्मीच्या मोसमाआधी त्याच जमिनीवर घेतलेली मॉक रेस ही जमीन बदलल्याची एकमेव चाचणी असते. पहिला आला की तिसरा, हे गौण. किती सहज आला, ते बघा.

पॅडॉकमध्ये पाच मिनिटं पुरतात. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, सतत मान झटकणं, मोतद्दाराला ओढत नेणं ही ताकद वाया जाण्याची लक्षणं. नुसता घाम मुंबईच्या दमटपणात सगळ्यांनाच येतो. बाकीचे आठ कोरडे आणि हा एकटाच भिजलेला असेल तर खोडा. कार्डावर नालेचा प्रकार आणि ब्लिंकर्ससारखी (डोळ्यांवरच्या झापडांसारखी) साधनं दिली असतील तर मागच्या रेसशी ताडा. पहिल्यांदा लागलेले ब्लिंकर्स हा जमिनीइतकाच मोठा बदल असतो.

घोडा त्या जमिनीवर पळालाच नसेल तर

दोन आणि तीन वर्षांच्या घोड्यांबाबत हा प्रश्न नेहमी येतो. मग बापाकडे आणि आईच्या आधीच्या पिल्लांकडे बघायचं. एका सायरची (बापघोड्याची) पिल्लं मऊ जमिनीवर कशी पळतात, याची नोंद दोन मोसम ठेवली तरी उपयोगी पडते. आयात केलेल्या सायरचं स्वतःचं करिअर कुठे झालं तेही बघा: अमेरिकेच्या डर्टवर (मातीच्या ट्रॅकवर), सिंथेटिकवर (कृत्रिम पृष्ठभागावर) की युरोपच्या गवतावर. डर्टवर सुरुवातीचा वेग लागतो आणि तोंडावर उडणारी माती सहन करावी लागते. गवतावर शेवटची झेप. सिंथेटिक दोन्हींच्या मध्ये, पण बऱ्याचदा गवताकडे झुकलेलं.

पृष्ठभाग बदलल्यावर काय होतं हे शिकायला अमेरिकेतली दोन उदाहरणं पुरेशी आहेत. २०११ ची केंटकी डर्बी, ही डर्टवरची रेस, अ‍ॅनिमल किंगडमने २०-१ च्या आसपासच्या भावाने जिंकली. त्याआधी तो डर्टवर एकदाही पळालेला नव्हता, गवत आणि सिंथेटिकवरच पळाला होता. २०१३ मध्ये त्याने दुबई वर्ल्ड कप सिंथेटिकवर जिंकला. ‘पळाला नाही’ आणि ‘पळू शकत नाही’ यांत बाजार गल्लत करतो, ती अशी.

दुसरं उदाहरण रिच स्ट्राइक: ७ मे २०२२ ला त्याने हीच डर्बी ८०-१ च्या भावाने जिंकली. त्याची पहिली रेस गवतावर, त्यात तो शेवटचा. दुसरी चर्चिल डाउन्सच्या डर्टवर, तिथे १७ लांबींहून जास्त फरकाने पहिला. त्याच रेसमधून त्याला ३०,००० डॉलरला विकत घेतलं गेलं. डर्बीच्या आधीची रेस सिंथेटिकवर, तिसरा. म्हणजे डर्बीच्याच कोर्सवरची, त्याच पृष्ठभागावरची मोठी जीत कार्डात खाली दबलेली होती. एक घोडा बाहेर पडल्यावर आदल्या दिवशी त्याला जागा मिळाली आणि तो सगळ्यात बाहेरच्या, विसाव्या गेटमधून सुटला. पुढच्या घोड्यांनी पहिला अर्धा मैल ४५.३६ सेकंदांत काढून स्वतःला संपवलं, आणि मागून आलेल्याला रस्ता मिळाला. हे सगळं आधी दिसत होतं का? पृष्ठभाग दिसत होता, वेगवान रेसची शक्यता दिसत होती. तो जिंकेलच असं कुणालाही म्हणता आलं नसतं. पण ८०-१ म्हणजे सव्वा टक्का, आणि कागदावरून तीन टक्के देता आले असते. लाँगशॉटचं काम एवढ्याच फरकावर चालतं.

भाव घ्यायचा की सोडायचा

रेसच्या आधी, बोर्ड न बघता, सगळ्या घोड्यांना मिळून १०० गुण वाटा. नऊ घोडे असतील तर समजा ३०, २२, १४, १०, ८, ६, ५, ३, २. बेरीज १०० च यायला हवी. आवडत्या घोड्याला २ गुण वाढवायचे तर ते दुसऱ्याकडून काढावे लागतात, आणि ही शिस्तच आपल्याला भानावर ठेवते.

आपला लाँगशॉट १० गुणांचा आहे. आता करासकट हिशेब करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेवर जीएसटी ४० टक्के आहे, आधी २८ होता. कर पैजेवर वेगळा लागत असेल तर १०० रुपयांच्या पैजेला खिशातून १४० जातात. १४-१ भावाला परत येतात १५००. बरोबरीसाठी १४० भागिले १५००, म्हणजे ९.३ टक्के शक्यता लागते. तुमचा अंदाज १०. एवढ्या थोड्या फरकासाठी पैज नको, कारण अंदाज एक-दोन गुणांनी चुकतोच. २०-१ ला हाच आकडा ६.७ टक्के, आणि तुमचे १० त्याच्या दीडपट. ही घ्यायची. तुमचा अंदाज बरोबरीच्या आकड्याच्या निदान १.३ पट असावा, हा नियम ठेवा. याच गणिताने ४-१० भावाच्या फेव्हरिटवर जिंकूनही हातात फक्त १४० येतात, म्हणजे शून्य.

जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर ३० टक्के, वर उपकर, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. एका व्यवहारात जिंकलेली रक्कम १०,००० रुपयांच्या वर गेली की कर जागेवरच कापला जातो. या दोन्ही करांनंतर वर्षाअखेर नफ्यात राहणारे फारच थोडे. त्यामुळे पैशाची मर्यादा आधी ठरवा: मोसमासाठी वेगळी काढलेली, गेली तरी घर अडणार नाही अशी रक्कम. उधारीवर, फोनवर, बेकायदा बुकीकडे पैज लावू नका. तिथे वसुलीला कायद्याचा आधार नसतो.

समजा मोसमाची रक्कम २०,००० आहे. वरच्या उदाहरणात १० टक्के शक्यता आणि २०-१ भाव धरून केली सूत्राने (शक्यता आणि भावावरून रकमेचा किती भाग लावायचा ते सांगणाऱ्या) करासकट ३.६ टक्के येतात. पूर्ण केली कुणीही लावू नये. पाव भाग धरा, ०.९ टक्के, म्हणजे करासह १८० रुपये, मूळ पैज साधारण १२५. आकडा लहान वाटेल. पण १० टक्क्यांचा घोडा सलग वीस वेळा हरण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठात एक. रक्कम लहान असली तरच एकविसावी पैज लावायला पैसे उरतात. हरल्यावर पैज दुप्पट करणाऱ्याला ती एकविसावी कधीच मिळत नाही.

बुकीकडे घेतलेला भाव तिथेच ठरतो. टोटचा (सगळ्यांच्या पैजा एकत्र करणाऱ्या पूलचा) डिव्हिडंड, म्हणजे जिंकल्यावर मिळणारी रक्कम, गेट उघडेपर्यंत बदलतो, १० रुपयांमागे किती ते स्क्रीनवर बघा, आणि पूल लहान असेल तर तुमचीच मोठी पैज तुमचा डिव्हिडंड खाली आणते. फेव्हरिट खरा मजबूत वाटत असेल आणि तुमचा घोडा बाकीच्यांत सरस, तर विनपेक्षा (पहिला येण्याच्या पैजेपेक्षा) सेकंड हॉर्स पूल बघा. तिथे दुसरा येणाऱ्या घोड्याचाच डिव्हिडंड मिळतो. फेव्हरिट खोटा वाटत असेल तर विन. टानालात लाँगशॉट घालायचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथे पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात आणि कर प्रत्येक कॉम्बिनेशनवर लागतो. एका कारणावर उभ्या असलेल्या अंदाजासाठी ते महाग पडतं.

शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोष्टी परत तपासा. पाऊस आला असेल तर कडक जमिनीसाठी निवडलेला घोडा सोडून द्या, भाव पंचवीस-एक झाला तरी. आणि २०-१ चा भाव १२-१ वर आला असेल, तर तुमचं कारण इतरांनाही दिसलं आहे. ते खरं असलं तरी १२-१ ला बरोबरीसाठी १०.८ टक्के लागतात, आणि तुमचा अंदाज १० आहे. तिकीट काढू नका. रेस मात्र बघा, आणि घोडा कडक जमिनीवर ४०० मीटरनंतर कसा हलला ते वहीत लिहा.